प्रेशर कागदावर बरोबर, तरी नजर का घटत होती? अमळनेर तालुक्यातलं काचबिंदूचं एक प्रकरण

हे एकाच व्यक्तीचं प्रकरण नाही. खान्देशात काचबिंदूच्या रुग्णांच्या बाबतीत ज्या गोष्टी पुन्हा पुन्हा समोर येतात, त्या इथे एका रुग्णाभोवती मांडल्या आहेत. तपासणीचे आकडे आणि औषधांचे परिणाम अशा रुग्णांत प्रत्यक्ष दिसतात तसेच ठेवले आहेत.

रुग्ण

वय ६३, स्त्री. बोरी नदीच्या काठचं गाव, कोरडवाहू कापूस आणि रब्बीत थोडी दादर ज्वारी. घरी पती, सून आणि ११ वर्षांचा नातू. मुलगा सुरतला कापड मार्केटमध्ये कामाला. महिन्या-दीड महिन्याने ताप्ती लाइनच्या गाडीने घरी येतो. दवाखान्याचा सगळा व्यवहार त्याच्याकडे.

मावशी शिबिरात आल्या त्या मोतीबिंदू पिकला का, हे बघायला. मोतीबिंदू कच्चाच निघाला, पण डोळ्याचं प्रेशर उजवीकडे २८ आणि डावीकडे ३० मिमी भरलं. साधारणपणे ते १० ते २१ च्या दरम्यान असतं. पुढे जिल्ह्याच्या ठिकाणी डोळ्याची नस (नजर मेंदूपर्यंत नेणारी), कोन (डोळ्यातलं पाणी निचरतं ती जागा) आणि बुबुळाची जाडी तपासली. निदान झालं दोन्ही डोळ्यांत उघड्या कोनाचा काचबिंदू, म्हणजे ही नस हळूहळू निकामी करणारा आजार; डावा डोळा पुढच्या टप्प्यात. फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजरेचा पसारा मोजणाऱ्या तपासणीत, डाव्या डोळ्याची खालची बाजू बरीच गेलेली. उजव्यातही खालीच सुरुवात.

त्यांची स्वतःची तक्रार काहीच नव्हती. "माले ते बठ्ठं दखास" (मला तर सगळं दिसतं), असं त्या ठामपणे अहिराणीत सांगत होत्या, आणि ते खोटं नव्हतं. काचबिंदूत गेलेला भाग काळा डाग होऊन दिसत नाही. मेंदू आजूबाजूच्या चित्रावरून तो भरून काढतो, एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो, आणि समोरचं माणूस, ताटातली भाकरी, पोथीतली अक्षरं शेवटपर्यंत स्वच्छ राहू शकतात. दक्षिण भारतात गावोगावी झालेल्या पाहण्यांमध्ये ज्यांना काचबिंदू सापडला, त्यांतल्या दहापैकी नऊंहून अधिक जणांना तोपर्यंत पत्ताच नव्हता. मावशींनाही उंबऱ्याला ठेच लागत होती, पायरी चुकत होती, पण घरात त्याला म्हातारपण म्हणत होते.

रोज रात्री दोन्ही डोळ्यांत लॅटानोप्रोस्ट या प्रेशर उतरवणाऱ्या औषधाचा एकेक थेंब सुरू झाला. सहा आठवड्यांनी प्रेशर १९ आणि २० आलं. औषध लागू पडलं होतं.

पुढच्या वर्षभरात काय बिघडलं

सहा महिन्यांनी प्रेशर जवळपास तेवढंच, पण डाव्या डोळ्याचं फील्ड आणखी घटलेलं. प्रेशर अजून खाली आणायला हवं म्हणून सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल हे दुसरं थेंबाचं औषध जोडलं. त्यानंतरच्या तपासणीत प्रेशर १९ आणि २१. म्हणजे दुसऱ्या औषधाने काहीच फरक नाही, आणि फील्ड पुन्हा खाली. डॉक्टरांनी ऑपरेशनचा विषय काढला, आणि हाती असलेल्या आकड्यांवरून तो निर्णय चुकीचा म्हणता येणार नाही. औषध पोचत असेल आणि तरी नस जात असेल, तर पुढची पायरी तीच.

औषध पोचतच नव्हतं. ते कळायला कुठली नवी मशीन लागली नाही. एक प्रश्न वेगळ्या तऱ्हेने विचारावा लागला.

तोवर दर भेटीतलं संभाषण ठरलेलं होतं. "थेंब टाकता ना रोज?" मुलगा म्हणायचा, "हो साहेब, रोज." मावशी मान हलवायच्या. "टाकता ना?" या प्रश्नाला माणूस "नाही" म्हणत नाही. डॉक्टरांपुढे तर नाहीच, आणि सुरतहून खाडा करून आलेल्या मुलासमोर मुळीच नाही.

ऑपरेशनपूर्व तपासणीच्या दिवशी नजर तपासणाऱ्या ऑप्टोमेट्रिस्ट ताईंनी मुलाला फाइल घेऊन काउंटरवर पाठवलं आणि मावशींना विचारलं, "मावशी, थेंब सगळ्यांचेच राहून जातात. मागच्या पंधरा दिवसांत तुमचे किती वेळा राहिले असतील?" मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "बाटली सरी जास ना. मंग काय टाकसू?" (बाटली संपून जाते ना, मग काय टाकू?)

ताईंनी त्यांच्याच पिशवीतली बाटली हातात दिली आणि नेहमीसारखे थेंब टाकायला सांगितलं. मावशींनी मान किंचित मागे केली, बाटली डोळ्यापासून वीतभर वर धरली आणि दाबली. पहिला थेंब भुवईवर पडला. दुसरा गालावरून हनुवटीकडे ओघळला. तिसरा डोळ्यात गेला, पण तेवढ्यात पापण्या गच्च मिटल्या आणि अर्धा बाहेर आला. पदराने डोळा पुसून त्या म्हणाल्या, "असंच."

आता हिशोब करून बघा. २.५ मिलीच्या बाटलीत साधारण ८० थेंब असतात. दोन डोळे, रोज एकेक थेंब, म्हणजे महिन्याला ६०. बाटली आरामात पुरते. एका डोळ्याला तीन थेंब गेले तर रोजचे सहा, आणि बाटली १३ दिवसांत रिकामी. मुलगा एका खेपेला एकच बाटली आणायचा, कारण त्याला तसंच सांगितलं होतं. पंधरवड्यानंतर घरात औषधच नसायचं. फोनवर "थेंब संपले" म्हणायला मावशींना जिवावर यायचं; पोराचा खर्च वाढतो, आणि थेंबाने तसंही काही जास्त दिसत नाही. मुलगा नवी बाटली घेऊन यायचा तो तपासणीच्या चार-पाच दिवस आधी. लॅटानोप्रोस्टचा परिणाम काही तासांतच सुरू होतो, त्यामुळे तपासणीच्या दिवशी प्रेशर छान दिसायचं. मधले दोन-तीन आठवडे ते किती वर जात होतं, हे कुठल्याच कागदावर आलं नाही. घरात कुणीही खोटं बोलत नव्हतं. "रोज" असं मुलगा म्हणायचा, तेव्हा ते त्याने पाहिलेल्या दिवसांपुरतं खरंच होतं.

दुसऱ्या औषधाचं कारण आणखी गंभीर निघालं. टिमोलॉल सुरू केल्यावर तिसऱ्या रात्री मावशींना धाप लागली, छातीतून सूं सूं आवाज यायला लागला. त्यांनी ती बाटली फडताळात ठेवून दिली आणि कुणालाही सांगितलं नाही. डोळ्याच्या थेंबाचा छातीशी काय संबंध, असं त्यांना वाटलं. संबंध सरळ आहे. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात अश्रूंची बारीक नळी असते. थेंब तिच्यातून नाकात उतरतो आणि तिथून थेट रक्तात शोषला जातो. टिमोलॉल श्वासनळ्या आवळतं आणि नाडीची गती कमी करतं, म्हणून दमा किंवा हृदयाचे ठोके मंद असलेल्यांना ते देत नाहीत. केस पेपरवर "दमा: नाही" असं होतं, कारण प्रश्न "दमा आहे का?" एवढाच होता. मावशींच्या लेखी दमा म्हणजे शेजारच्या आजोबांना आहे तो. स्वतःला हिवाळ्यात धाप लागते आणि गावातल्या डॉक्टरांनी "पंप" दिलाय, याला त्या दमा म्हणतच नव्हत्या. "श्वासाचा पंप कधी ओढला का? रात्री खोकल्याने उठून बसावं लागतं का?" असं विचारलं असतं तर उत्तर आलं असतं.

अशा रुग्णाच्या फाइलवर "औषधोपचारात दुर्लक्ष" असा शेरा मारायची पद्धत आहे. ती आम्हाला साफ चुकीची वाटते. त्या शेऱ्यामुळे पुढचा माणूस प्रश्न विचारणं थांबवतो.

मनात काय चाललं होतं

निदानाच्या दिवशी मुलाने स्टाफला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "आईला काही सांगू नका, घाबरेल." त्यामागे माया होती. पण मावशींच्या सासऱ्यांचे डोळे असेच गेले होते, शेवटची काही वर्षं ते ओट्यावर बसून असायचे. "आयुष्यभर थेंब" आणि "गेलेली नजर येत नाही" एवढंच कानावर पडल्यावर बाकीचं मावशींनी मनाशी पूर्ण केलं: आपलंही तेच होणार, फक्त आपल्याला सांगत नाहीत.

त्यानंतर त्या संध्याकाळी मंदिरात जाईनाशा झाल्या. श्रावणात कानबाईच्या सणाला सगळं घर गोळा झालं, तेव्हा डाव्या बाजूने पळत आलेला नातू त्यांच्या हातातल्या गरम पातेल्यावर आदळता आदळता वाचला. त्या दिवसापासून त्यांनी चुलीपाशी जाणंच सोडलं. झोप उडाली. रात्री एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर दिसतं का, हे त्या पुन्हा पुन्हा बघायच्या. सुनेला वाटलं, सासूबाई रागावल्यात. थेंब टाकायची वेळ आली की रोज तीच भीती वर यायची, म्हणून थेंब टाळणं सोपं वाटायचं. काचबिंदूच्या रुग्णांत चिंता आणि उदासी जास्त आढळते, आणि औषध सुटण्यामागे ती पुष्कळदा असते. बाटली सांडते ही जितकी खरी अडचण, तितकीच हीही.

या टप्प्यावर "काळजी करू नका, सगळं ठीक होईल" हे वाक्य कामाचं नाही. मावशींना ठाऊक होतं की सगळं ठीक होणार नाही. समुपदेशक ताईंनी खुर्ची समोरासमोर घेतली आणि मुलाकडे न बघता मावशींकडे बघून सांगितलं: "मावशी, जेवढं गेलं ते परत येणार नाही, थेंबानेही नाही आणि ऑपरेशननेही नाही. आज जे दिसतंय ते राखायला थेंब आहेत. वेळेवर इलाज घेणाऱ्या बहुतेक लोकांची नजर जन्मभर कामापुरती टिकते. सासऱ्यांच्या वेळी हे औषध गावात पोचत नव्हतं." मावशी रडल्या. ताई काही बोलल्या नाहीत, घाईने रुमालही पुढे केला नाही. दोन-तीन मिनिटं तशीच जाऊ दिली. मग मावशींनी पहिला प्रश्न विचारला, "नातूले व्हई का?" (नातवाला होईल का?)

त्या प्रश्नाचं खरं उत्तर असं. काचबिंदू घराण्यात असेल तर रक्ताच्या नात्यात धोका वाढतो. सगळ्यात जास्त सख्ख्या भावंडांना आणि मुलांना. नातवासाठी आज काही करायचं नाही. मुलगा चाळिशी ओलांडलेला आहे, त्याची तपासणी मात्र लगेच हवी.

झोप न लागणं, जेवणावरून मन उडणं दोन आठवड्यांहून अधिक टिकलं, किंवा "जगून काय करायचं" असं एकदाही बोलण्यात आलं, तर ते डोळ्यांच्या डॉक्टरांनाही सांगावं आणि मनाच्या डॉक्टरांनाही दाखवावं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. टेलि-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मावशींना त्याची गरज पडली नाही. घरात उघड बोलणं सुरू झालं आणि झोप हळूहळू परतली.

फील्ड टेस्टची धास्ती

मावशींना सगळ्यात नकोशी वाटायची ती ही तपासणी. अंधारी खोली, एका डोळ्यावर पट्टी, घुमटात कुठेतरी चमकणारे ठिपके आणि हातात बटन. बाहेर आल्यावर मुलगा म्हणायचा, "आई, नीट दाबत जा ना." त्यांच्या मनात ती परीक्षा झाली होती, आणि दर वेळी आपण नापास होतो असं त्या धरून चालायच्या.

इथे एक गोष्ट आधी सांगायलाच हवी, आणि ती सहसा सांगितली जात नाही. मशीन मुद्दाम प्रकाश इतका मंद करत नेतं की धडधाकट डोळ्यालाही जवळपास निम्मे ठिपके दिसत नाहीत. बराच वेळ काही दिसलं नाही म्हणजे आपण आंधळे होतोय, असं नाही. मशीन तुमची सीमा शोधतंय. नजर मधल्या दिव्यावरच ठेवायची, ठिपका शोधायला डोळा फिरवायचा नाही. शंका वाटली तर अंदाजाने बटन दाबत सुटायचं नाही, त्याने निकाल बिघडतो. पापण्या मिटायची मुभा असते. बटन दाबताना मिटल्या तर एकही ठिपका चुकत नाही. थकवा आला तर बऱ्याच मशीनमध्ये बटन दाबून धरलं की तपासणी थांबते. आपल्या मशीनमध्ये तसं आहे का, हे सुरुवातीलाच विचारावं. पहिली चाचणी सरावाचीच असते, तिच्यावरून एकट्याने मोठा निर्णय घेत नाहीत.

पुढच्या वेळी तंत्रज्ञाने हे सगळं अहिराणीत समजावलं, मावशींची लोंबती पापणी चिकटपट्टीने हलकेच वर धरली आणि मध्ये दोनदा "बरोबर चालू आहे" असं म्हटलं. त्या दिवशीचा निकाल आधीच्या सगळ्यांपेक्षा भरवशाचा आला.

काय बदललं

ऑपरेशन पुढे ढकललं. टिमोलॉल बंद, आणि फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरात "श्वासाचा त्रास, बीटा ब्लॉकर नको" (टिमोलॉल याच गटातलं). रात्रीचा एकच थेंब ठेवला, आणि तो डोळ्यातच पडेल याची व्यवस्था केली.

जेवणानंतर मावशी खाटेवर उताण्या झोपतात. नातू साबणाने हात धुतो, खालची पापणी बोटाने ओढून खाच करतो आणि बाटलीचं टोक न टेकवता एक थेंब सोडतो. मग डोळा अलगद मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. औषध डोळ्यात राहतं, नाकात फारसं उतरत नाही. उघडझाप केली तर ते पंपासारखं बाहेर ढकललं जातं. पापणीवर आलेलं लगेच पुसायचं, कारण या औषधाने कातडी काळवंडते. हे आधी सांगितलं नाही तर बायका काळेपणा बघून औषध सोडतात. सुरुवातीचे काही आठवडे डोळे लालसर होतात, तेही सांगून ठेवावं. घरी कुणी नसेल त्या दिवसासाठी मावशींना मुठीची रीत शिकवली: डाव्या मुठीने खालची पापणी ओढायची आणि बाटलीचा उजवा हात त्या मुठीवर टेकवायचा. हात थरथरत नाही. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्यावीत, नाहीतर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन टाकतो.

बाटली ठेवायची कुठे, हा खान्देशात क्षुल्लक प्रश्न नाही. नेहमीच्या लॅटानोप्रोस्टची न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत सहा आठवडे चालते. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ वर जातो, आणि मावशींची बाटली चुलीमागच्या फडताळात होती. आता ती फ्रिजच्या दारात असते, फ्रीजरमध्ये नाही. वीज गेली तरी दार न उघडता फ्रिज काही तास थंड राहतो. थंड थेंबाचा आणखी एक फायदा, तो डोळ्यात पडला की गालावर, हे लगेच कळतं. फ्रिज नसलेल्या घरांनी मेडिकलवाल्याला स्पष्ट विचारावं की बाहेर ठेवता येणारा प्रकार आहे का. तसे प्रकार मिळतात, आणि खोक्यावर तापमान लिहिलेलं असतं. मुलगा आता एका खेपेला दोन बाटल्या आणतो. बाटली उघडल्याची तारीख सून तिच्यावर पेनाने टाकते.

सहा आठवड्यांनी प्रेशर १८ आणि १९ आलं. या वेळी तो आकडा पूर्ण महिन्याचा होता. बुबुळ पातळ असल्याने आणि डाव्या नसेचं बरंच नुकसान झाल्याने डॉक्टरांना ते आणखी खाली हवं होतं. प्रेशर प्रत्येक १ मिमीने उतरलं की आजार वाढण्याचा धोका साधारण १० टक्क्यांनी घटतो, असं एका मोठ्या अभ्यासातून दिसलं आहे. आणखी एक बाटली जोडण्याऐवजी दोन्ही डोळ्यांना एसएलटी लेझर केलं, म्हणजे डोळ्यातलं पाणी निचरायची वाट सुधारणारं लेझर. हे काम काही मिनिटांचं, टाका नाही, त्याच दिवशी घरी. परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात आणि काही वर्षांनी तो ओसरू शकतो, हे मावशींना आधीच सांगितलं होतं. ही सोय तालुक्याच्या प्रत्येक ठिकाणी नसते, विचारून जावं लागतं. दोन महिन्यांनी प्रेशर १५ आणि १६. त्यानंतरच्या दोन फील्ड टेस्ट जागेवर आहेत. गेलेला भाग गेलेलाच आहे.

घरातही थोडे बदल झाले. पायऱ्यांच्या कडेला पांढऱ्या रंगाचा पट्टा, ओट्यावर बल्ब, आणि रात्रपाळीच्या विजेला मोटर चालू करायला मावशींनी एकटीने शेतात जायचं नाही. चुलीपाशी त्या परत आल्या. गरम भांडं उचलताना आधी मान डावीकडे वळवून खाली बघायचं, एवढं ठरलं.

तपासणीला जाताना

ओपीडीत डॉक्टरांपुढची मिनिटं मोजकी असतात, म्हणून तयारी घरी करावी. सगळ्या बाटल्या, रिकाम्याही, पिशवीत घ्याव्यात. छातीचा पंप, बीपीच्या गोळ्या, त्वचेचं मलम, गावठी औषध, सगळं दाखवावं. डोळे खाजतात म्हणून मेडिकलमधून आणलेला ड्रॉप तर नक्कीच दाखवावा. त्यात पुष्कळदा स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइडने काही जणांचं प्रेशर चढतं. थेंब किती दिवस चुकले ते आकड्यात सांगावं: "मागच्या महिन्यात बारा दिवस औषध नव्हतं." हे ऐकून कुणी रागावलं तरी सांगावं, कारण ते न कळल्यास डॉक्टर चांगलं औषध निकामी समजून पुढचं जोडतात. समजलं नाही तर "साहेब, मी कसं समजलो ते सांगतो, चुकलं तर सांगा," असं म्हणून आपल्या शब्दांत परत सांगावं. बाहुली मोठी करायचे थेंब घातले तर पुढचे चार-सहा तास धूसर दिसतं. मोटारसायकल चालवायला दुसरा माणूस न्यावा. डोळा एकदम लाल होऊन दुखला, दिव्याभोवती रंगीत वलयं दिसली, उलटी झाली, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

स्टाफसाठी आमचं म्हणणं थोडं आहे. रुग्णाशी बोला, सोबत्याशी नंतर. "टाकता ना?" ऐवजी "किती राहिले?" विचारा. आणि वर्षातून एकदा तरी रुग्णाला तुमच्यासमोर थेंब टाकायला सांगा.

मुलाने सुरतेतच तपासणी करून घेतली. प्रेशर २४ आणि २३, नस आणि फील्ड सध्या चांगले. त्याला औषध दिलेलं नाही; दर सहा महिन्यांनी प्रेशर आणि वर्षातून एकदा फील्ड व नसेचा फोटो, असं ठरलं आहे. पहिली तारीख त्याने आईच्या तपासणीच्या आठवड्यातच घेतली आहे. त्याची मोठी बहीण पारोळ्याला असते. तिची तपासणी अजून बाकी आहे.